रस्त्यावरची शाळा : कोपऱ्यावर थांबणारी गाडी

बालमित्रांनो,

गेल्या खेपेला मी तुम्हाला एक काम दिलं होतं, आठवतंय ना? रस्त्यावरून जाणाऱ्या दहा गाड्यांचे नंबर टिपायचे आणि त्यावरून गाडी कुठली ते ओळखायचं. एमएच बारा म्हणजे पुणे, एमएच शून्य पाच म्हणजे कल्याण, वगैरे. पुष्कळांची पत्रं आली. छान वाटलं. पण मुलांना अभ्यास द्यायचा आणि आपण मात्र हातावर हात ठेवून बसायचं, हे काही बाईंना शोभत नाही. म्हणून मीही एक छोटी वही पर्समध्ये टाकली.

शुक्रवारची संध्याकाळ होती. शाळा सुटल्यावर मी शेअर रिक्षात बसले होते आणि आमची रिक्षा कल्याण-शीळ रस्त्यावर अडकली होती. हा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी असं समजा, की हजार माणसं एकाच वेळी एका दारातून बाहेर पडू बघताहेत आणि प्रत्येक जण "आधी मी, आधी मी" म्हणतोय. पुढे ट्रक, मागे बस, दोन्ही बाजूंनी मोटरसायकली. हॉर्न तर असे वाजत होते, की हॉर्नच्या आवाजाने रस्ता रुंद होतो अशी कुणी अफवा पसरवली असावी!

मी नंबर टिपत होते. चार झाले, पाच झाले. सगळ्या गाड्या नव्या, चकचकीत, फुगीर अंगाच्या. आणि एवढ्यात उजव्या बाजूने एक वेगळीच गाडी पुढे आली.

लहानशी, राखाडी रंगाची, सरळ रेघांची. पट्टीने आखून काढावी तशी. मागची काच मोठी आणि दोन्ही कडांना वळलेली. रंग जुना झालेला, पण अंगावर कुठे गंजाचा डाग नाही. पुढे जाळीवर एक छोटासा सिंह. नंबर एमएच शून्य पाच.

गंमत पुढेच आहे. एवढी जुनी गाडी म्हटल्यावर ती धुरळा काढत, खोकत, रडतखडत चालेल असं आपल्याला वाटतं. ही तशी नव्हती. पुढचा ट्रक हलला की ही लगेच हलायची. जागा झाली की सुळ्ळकन त्या जागेत. पुन्हा थांबायचं झालं तर आधीच वेग कमी, धक्का नाही, करकच्चून ब्रेक नाही. आणि अख्ख्या रस्त्यात एकटी तीच गाडी हॉर्न वाजवत नव्हती. शेजारी एक मोठी नवी गाडी सारखी इकडेतिकडे तोंड घालत होती आणि तिथल्या तिथेच होती. ही मात्र पुढे जात होती.

आमचे रिक्षावाले दादा म्हणाले, "ताई, ती बघा, प्युजो. आजोबा रोज असतात या रस्त्याला. माझ्या रिक्षापेक्षा चपळ आहेत!"

सिग्नलला आम्ही पुन्हा शेजारी आलो. गाडी चालवत होते एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ. ताठ बसलेले, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मागच्या सीटवर एक डोकं दिसलं. आणि दिसलं न दिसलं तोच ते खाली गायब झालं!

पण बाईंची नजर ती बाईंची नजर. ते डोकं माझ्या वर्गातलं होतं. चौथी ब, तिसरं बाक, खिडकीकडची बाजू.

सिग्नल हिरवा झाला. आमचे दादा गिअर टाकेपर्यंत सिंहाची गाडी पुढे निघूनसुद्धा गेली.

*

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्या मुलाला जवळ बोलावलं. म्हटलं, "काल तुझ्या आजोबांची गाडी पाहिली. छान चालवतात रे! तू खाली का वाकलास? काही पडलं होतं का?"

तो आधी काही बोलेना. मग चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "बाई, पोरं हसतात. खटारा म्हणतात. तुझ्या आजोबांची गाडी म्युझियममध्ये ठेवा म्हणतात. म्हणून मी आबांना कोपऱ्यावरच सोडायला सांगतो. वह्यांच्या दुकानापाशी."

"आणि आबा काय म्हणतात?"

"काही नाही म्हणत. थांबतात."

मुलांनो, खरं सांगते, मला पुढे काही बोलता आलं नाही. कारण मला एक दुसरा कोपरा आठवला. त्या कोपऱ्यावर पिंपळ होता.

मी सहावीत असतानाची गोष्ट. माझ्या बाबांकडे एक जुनी स्कूटर होती. ती चालू करायची म्हणजे आधी एका कुशीवर तिरकी करायची, मग चार-पाच किका मारायच्या. मैत्रिणी हसायच्या. एक दिवस मी बाबांना म्हटलं, "मला पिंपळापाशीच सोडा, पुढे मी चालत जाईन, व्यायाम होतो." बाबांनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून मला सांगावंच लागलं नाही. ते आपणहून पिंपळाखाली थांबायचे. दहावी होईपर्यंत. त्यांनी कारण कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही.

म्हणून मी त्या मुलाला उपदेश केला नाही. फक्त विचारलं, "तुझ्या आबांना आपल्या वर्गात बोलवूया? परिसर अभ्यासात वाहतुकीचा धडा चाललाय. पुस्तकातल्या चित्रापेक्षा खरी गाडी बरी, नाही का?"

तो घाबरला. पण 'नाही' म्हणाला नाही.

*

मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आणि पुढच्या शनिवारी सकाळी सिंहाची गाडी शाळेच्या मैदानात कडुलिंबाखाली येऊन उभी राहिली. भोवती चौथी ब. आजोबांनी नमस्कार केला. रेल्वेच्या लोकोशेडमध्ये ते फिटर होते. अख्खा जन्म इंजिनांजवळ गेलेला. आवाज खणखणीत.

"विचारा," ते म्हणाले. "काय वाटेल ते विचारा."

पहिला प्रश्न नावाचा. गाडीवरची अक्षरं एकीने मोठ्याने वाचली : पी, ई, यू, जी, ई, ओ, टी. "प्यु... प्युजिओट?" सगळे हसले.

"प्युजो," आजोबा म्हणाले. "फ्रेंच नाव आहे. शेवटचा टी लिहायचा, पण बोलायचा नाही."

मग सिंहाची गोष्ट निघाली. फ्रान्समध्ये प्युजो नावाचं एक घराणं होतं. त्यांची धान्याची गिरणी होती. १८१० साली त्यांनी त्या गिरणीचा पोलादाचा कारखाना केला. तिथे करवतीची पाती बनू लागली. आमची पाती कशी? तर दात सिंहाच्या दातांसारखे मजबूत, पातं सिंहाच्या पाठीसारखं लवचीक आणि कापायला सिंहाच्या झेपेसारखं वेगवान! म्हणून पात्यावर सिंह आला. १८५८ साली त्यांनी हे चिन्ह रीतसर नोंदवलं. पुढे याच घराण्याने कॉफी दळायची यंत्रं केली, मिरी दळायची यंत्रं केली, सायकली केल्या आणि १८८९ साली वाफेवर चालणारी तीनचाकी गाडीही केली. म्हणजे मोटारीच्या आधी सिंह करवतीवर होता.

"आणि हे तीनशे नऊ काय आहे?" मागून कुणीतरी विचारलं. गाडीच्या पाठीवर तो आकडा होता.

प्युजोने १९२९ साली २०१ नावाची गाडी काढली. तेव्हापासून त्यांच्या गाड्यांना अशी तीन आकडी नावं असायची आणि मधे शून्य. १९६३ साली जर्मनीच्या पोर्शे कंपनीने आपली नवी गाडी ९०१ नावाने प्रदर्शनात मांडली. प्युजोने हरकत घेतली, की मधे शून्य असलेली नावं आमची! मग पोर्शेने शून्याच्या जागी एक घातला. तीच आजची जगप्रसिद्ध नऊशे अकरा. एका शून्यावरून दोन कंपन्या भांडल्या हे ऐकून गणितात नेहमी शून्य विसरणाऱ्या आमच्या एका वीराचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"मग ही गाडी फ्रान्सची?"

आजोबा हसले. "हिचं गाव सांगणं कठीण आहे. कंपनी फ्रान्सची. पण हिचं चित्र काढलं इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्री गावात. तेव्हा हिला टॅल्बॉट कंपनीचं नाव मिळायचं होतं. गाडी तयार होत आली आणि ऐनवेळी बारसं बदललं, नाव मिळालं प्युजो ३०९. दारं घेतली आधीच्या २०५ या गाडीची. १९८५ साली युरोपात ही रस्त्यावर आली. आणि ही जी समोर उभी आहे ना, ती जन्मली इथे. आपल्या डोंबिवलीजवळ!"

मुलांना खरंच वाटेना. पण ते खरं आहे. १९९१ नंतर आपल्या देशात परदेशी कंपन्यांना दारं उघडली. त्या वेळी मुंबईच्या प्रीमियर कंपनीने, म्हणजे पद्मिनी मोटार बनवणाऱ्या कंपनीने, प्युजोबरोबर भागीदारी केली. युरोपात ३०९ चे दिवस तेव्हा संपत आले होते. तिची जागा घ्यायला १९९३ साली ३०६ आली होती. म्हणजे तिकडे निवृत्त होणारी गाडी इकडे पहिलीत दाखल झाली! कल्याण-डोंबिवलीच्या परिसरात ती तयार होऊ लागली. पेट्रोलवरचीही होती आणि डिझेलवरचीही. पण शाळा फार दिवस चालली नाही. कामगार आणि व्यवस्थापन यांचे वाद झाले, पैशाच्या अडचणी आल्या आणि १९९० चं दशक संपायच्या आत ते काम थांबलं. त्या भागाला जुनी माणसं अजून 'प्रीमियर' असंच म्हणतात. नव्या मुलांना कळत नाही, की इथे गाड्या कुठे होत्या.

आजोबांनी ही गाडी घेतली ती २००१ साली, जुन्या बाजारात. १९९६ ची गाडी. कंपनी बंद, पुढे सुटे भाग मिळतील की नाही कुणास ठाऊक, म्हणून कुणी हात लावायला तयार नव्हतं. जवळजवळ नव्या स्कूटरच्या किमतीत मिळाली. घरचे म्हणाले, दोन वर्षंसुद्धा चालायची नाही.

*

आता मुख्य प्रश्न आला. "आजोबा, एवढी जुनी गाडी एवढी पळते कशी?"

"पळत नाही रे," आजोबा म्हणाले. "वेळेवर निघते. पळणं वेगळं आणि चपळ असणं वेगळं. खो-खो खेळता ना? त्यात सगळ्यात जोरात धावणारा जिंकतो की वेळेवर वळणारा?"

"वेळेवर वळणारा!"

"तसंच. आधी गाडीची गोष्ट सांगतो. पद्मिनीत इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. म्हणजे मागून ढकलल्यासारखं. हिच्यात इंजिन आडवं बसवलंय आणि जोर पुढच्या चाकांनाच. बैलगाडीला बैल पुढे असतात ना, तसं. शिवाय अंग हलकं. आणि हिचं इंजिन डिझेलचं. डिझेलचं इंजिन कमी वेगातही चांगलं ओढतं. गर्दीत तेच कामाला येतं."

मग त्यांनी चावी फिरवली, पण इंजिन चालू केलं नाही. नुसते थांबले. समोर एक पिवळा दिवा लागला होता.

"आता मी का थांबलो?"

कुणालाच सांगता येईना. आजोबांनी आपल्या नातवाकडे पाहिलं. "ते हा सांगेल."

माझा तिसऱ्या बाकावरचा मुलगा लाल झाला. मग हळूहळू बोलू लागला. "डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. स्पार्क प्लग नसतो. आत हवा दाबतात. सायकलचा पंप मारला की खालून गरम लागतो ना? तशी हवा दाबून गरम होते. खूप गरम. मग त्यात डिझेलचा फवारा सोडला की ते आपोआप पेटतं. पण सकाळी इंजिन गार असतं. म्हणून आधी आतल्या तारा गरम करायच्या. तो दिवा विझला की मगच चालू करायचं. घाई करायची नाही."

दिवा विझला. आजोबांनी चावी फिरवली. एका झटक्यात इंजिन चालू.

आणि मुलांनो, काय सांगू! चौथी ब एकदम गप्प. त्यातला एक जण म्हणाला, "तुला हे सगळं कसं माहीत?"

"रविवारी मी बॅटरी धरतो," तो म्हणाला. "आबा खाली झोपून काम करतात तेव्हा."

त्याने सांगितलेलं अगदी बरोबर आहे बरं का. असल्या इंजिनात हवा वीस पटींहून जास्त दाबली जाते आणि तिचं तापमान पाचशे अंशांच्या वर जातं. उकळत्या पाण्याचं शंभर असतं, म्हणजे विचार करा! ही युक्ती काढली रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरने, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. त्याचंच नाव इंधनाला पडलं.

आजोबांनी मग एक जाडजूड लांबट वही काढली. पहिल्या पानावर तारीख २००१ ची. तेल कधी बदललं, गाळणी कधी बदलली, टायर कधी, ब्रेक कधी, किती किलोमीटरला, सगळं निळ्या शाईत. "हा टायमिंग बेल्ट," त्यांनी बोट ठेवलं, "रबरी पट्टा असतो. चालत्या गाडीत तुटला तर इंजिन संपलं. बाहेरून दिसत नाही, आवाज करत नाही. म्हणून तुटायची वाट बघायची नाही. मुदतीच्या आधी बदलायचा."

"पण कंपनी बंद आहे तर सामान कुठून आणता?"

"बरा प्रश्न विचारलास. हेच डिझेल इंजिन पुढे मारुतीच्या झेन आणि एस्टीम गाड्यांमध्येही आलं होतं. त्यामुळे इंजिनाचे काही भाग मिळून जातात. काही कुर्ल्याच्या जुन्या बाजारात शोधतो. काही मिळतच नाहीत. मग लेथवर करून घेतो. एका दिव्याच्या काचेसाठी मी आठ महिने हिंडलोय!"

आणि गाडी चालवायची कशी? तेही त्यांनी सांगितलं. पुढच्या गाडीकडे नाही, तिच्याही पुढच्या तीन गाड्यांकडे बघायचं. म्हणजे कोण थांबणार, कोण वळणार हे आधी कळतं. पुढच्या गाडीला चिकटायचं नाही, मधे जागा ठेवायची. म्हणजे सारखा ब्रेक लागत नाही. आरशात बघितल्याशिवाय रांग बदलायची नाही. "आणि ज्याचे ब्रेक धड आहेत त्यानेच लवकर निघावं," ते म्हणाले. "थांबता येत नसेल तर निघण्यात कसली हुशारी?"

शेवटचा प्रश्न विचारला तो नेमका त्याच मुलाने, ज्याने 'खटारा' हा शब्द काढला होता. तो मुलगा हुशार आहे. म्हणाला, "आजोबा, पण जुन्या डिझेल गाड्या धूर सोडतात. आमच्या पुस्तकात आहे. मग त्या बंद करायला नकोत का?"

मला वाटलं, आजोबा रागावतील. पण ते गाडीच्या टपावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले.

"तू म्हणतोस ते खरं आहे," ते म्हणाले. "एप्रिल २०२० पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना बीएस-सहाचे नियम लागले. त्या गाड्यांइतका स्वच्छ धूर हिचा कधीच होणार नाही. हिच्यात एअरबॅगही नाहीत. म्हणून मी हायवेला जात नाही, लांब जात नाही. घर, भाजी, दवाखाना आणि ह्याची शाळा, एवढंच. बाकी रेल्वे आहेच की! पंधरा वर्षं झाली की गाडीला पुन्हा परीक्षा द्यावी लागते. आरटीओत न्यायची, ब्रेक, दिवे, सगळं तपासतात. पास झाली तर पाच वर्षं मिळतात. पर्यावरण कर भरावा लागतो. धुराची तपासणी वेगळी. ही २०११ ला पास झाली, २०१६ ला झाली, २०२१ ला झाली. ज्या दिवशी नापास होईल त्या दिवशी मी भांडणार नाही. हार घालीन आणि भंगारात देईन. पण पास होतेय तोवर तिला नीट ठेवणं हे माझं काम. लोखंड जमिनीतून काढून, वितळवून, एवढी गाडी करायला किती कष्ट आणि किती कोळसा लागला असेल! दोन वर्षांत टाकून द्यायला का केली होती ती?"

कुणी काही बोललं नाही. मग तो प्रश्नवाला मुलगाच म्हणाला, "आजोबा, मागचं दार उघडून दाखवा ना."

ते उघडायला माझा तिसऱ्या बाकावरचा मुलगा पुढे झाला. काचेसकट अख्खं दार वर उचललं गेलं. म्हणूनच अशा गाडीला हॅचबॅक म्हणतात. आत एक स्टेपनी, हत्यारांची पिशवी, पाण्याची बाटली आणि एक बॅटरी. तीच ती रविवारची.

*

आता थोडं पालकांशी बोलते. मुलांनो, तुम्हीही वाचलंत तरी चालेल.

आपली मुलं 'खटारा' हा शब्द शाळेत शिकत नाहीत. आपण जेवताना म्हणतो, "अमक्याकडे अजून तोच टीव्ही?" "तमक्याने अजून गाडी बदलली नाही?" आपण सहज बोलतो. मुलं ते नीट ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात वापरतात. ज्याच्यावर तो शब्द पडतो ते मूल आपल्या गाडीपासून दूर जात नाही, गाडी चालवणाऱ्या माणसापासून दूर जातं. आबांना कोपऱ्यावर थांबावं लागलं ते गाडीमुळे नव्हे, आपल्या बोलण्यामुळे. सगळं जुनं चांगलं असं माझं म्हणणं नाही. धूर तो धूरच. पण एखादी वस्तू कशी ठेवली आहे हे न बघता नुसती किती जुनी आहे एवढंच बघायचं, ही सवय मुलांना लागू नये एवढंच सांगायचं आहे.

आणखी एक गंमत सांगते. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेऊन गेली, तेव्हा कितीतरी लोकांनी तिच्याजवळ उभं राहून फोटो काढले. चालत होती तेव्हा त्यातल्याच कितीजणांनी तिला नावं ठेवली असतील! निरोपाच्या दिवशी कौतुक करण्यापेक्षा चालू असताना केलेलं काय वाईट?

*

सोमवारी मी शाळेच्या फाटकाजवळ उभी होते. सिंहाची गाडी वह्यांच्या दुकानापाशी आली, सवयीने हळू झाली आणि मग पुढे सरकत फाटकापर्यंत आली. मुलगा उतरला. दप्तर खांद्यावर टाकलं. मागे वळून हात केला. दोन-तीन पोरं धावत गेली आणि खिडकीतून म्हणाली, "आजोबा, दिवा विझेपर्यंत थांबलात ना?" आजोबा मोठ्याने हसले आणि गाडी गर्दीत सुळ्ळकन निघून गेली.

रविवारी मी माहेरी गेले होते. चहा झाल्यावर बाबांना म्हटलं, "बाबा, ती आपली स्कूटर आठवते? तुम्ही मला शाळेजवळच्या पिंपळाखाली सोडायचात."

"आठवते की."

"मला लाज वाटायची, बाबा. म्हणून मी तसं म्हटलं होतं. व्यायाम वगैरे काही नव्हतं."

बाबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "ठाऊक होतं मला. पण पिंपळ बरा होता गं. सावली होती."

एवढंच बोलले. मग विषय बदलला. पण मला किती हलकं वाटलं ते कसं सांगू! तीसेक वर्षांची गाडी रस्त्यात भेटली नसती, तर हे बोलायचं राहूनच गेलं असतं.

आता तुमचा अभ्यास. तुमच्या घरात अजून चालू असलेली सगळ्यात जुनी वस्तू शोधा. शिवणयंत्र असेल, पंखा असेल, मिक्सर, सायकल, घड्याळ, काहीही. ती कोणत्या साली आली ते विचारा. ती आजवर कितीदा बिघडली, कुणी दुरुस्त केली आणि कशी, ते लिहून काढा. जमलं तर दुरुस्तीच्या वेळी बॅटरी धरायला बसा. आणि हो, तुम्हाला शाळेत सोडायला येणारं माणूस कुठे थांबतं? फाटकापाशी की कोपऱ्यावर? ते मला कळवलं नाहीत तरी चालेल. स्वतःशीच उत्तर द्या.

पत्रांची वाट पाहते.

तुमची,
बाई